चौथीच्या वर्गातली चूल

परवा आमच्या किराणावाल्याने मोठ्या कौतुकाने हाक मारली, "मॅडम, नवी बाजरी आलीय बघा. काय दाणा आहे! न्या पायलीभर." आणि मी त्याच्यावर खेकसले, "मी मागितली का तुम्हाला?" बिचारा मापटं हातात धरून बघतच राहिला. घरी येईपर्यंत माझी मलाच लाज वाटली, पण परत काही गेले नाही. दर वर्षी हे असंच होतं. नवरात्राच्या तोंडावर नवी बाजरी दुकानात येते, शेजारच्या घरांतून भाकऱ्या थापल्याचा आवाज येतो आणि माझं डोकं फिरतं. घरच्यांना आता सवय झाली आहे. तो महिनाभर आमच्याकडे पोळ्या असतात आणि का म्हणून कुणी विचारत नाही.

बदली होऊन जिल्ह्यातल्याच कर्जतकडे आले त्याला काही वर्षं झाली. पण नाकाला बदलीचा आदेश कुठे लागू होतो? सकाळच्या हवेत जरा गारवा आला, कुठेतरी मळणी यंत्र सुरू झालं आणि बाजरीचा तो खाजरा भुसा वाऱ्यावर आला, की मी थेट त्या जुन्या शाळेच्या व्हरांड्यात जाऊन उभी राहते. पाथर्डी तालुक्याचं पूर्वेकडचं टोक, डोंगराच्या अंगाला लागलेलं गाव, दोन खोल्यांची शाळा. पहिली-दुसरी गुरुजींकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. मैदान म्हणजे कुसळं आणि दगड, आणि कडेला कुणाच्या तरी बाजरीच्या वाळल्या ताटांची, सरमाडाची, गंज. सुट्टीत पोरं त्या गंजीत लपायची आणि अंग खाजवत वर्गात यायची.

वर्गात स्वयंपाक करायचं खूळ माझंच. दुसऱ्या कुणावर ढकलता येत नाही, याचाच जास्त राग येतो. झालं असं, की एका सकाळी परिपाठाला प्रार्थना चालू असताना तिसरीतला एक पोरगा सरळ मातीत आडवा झाला. तोंडावर पाणी मारलं, गूळ चारला. "काय खाऊन आलास रे?" "चहा-बटर." मग मी सगळ्यांना विचारलं आणि फळ्यावर लिहीत गेले. चहा-बटर, चहा-खारी, नुसता चहा, आणि पुडी. पुडी म्हणजे ती पाच रुपयांची, हवा भरपूर आणि आत मूठभर तिखट लागणारं काहीतरी. एकजण म्हणाला, "काय न्हाई." पुस्तकात संतुलित आहाराचा धडा होता, पण त्यातल्या चित्रात सफरचंद आणि काचेच्या पेल्यात दूध. आमच्या पोरांनी सफरचंद पाहिलं असेल ते आजारी माणसाच्या उशाशी. मी पुस्तक मिटलं आणि म्हटलं, शुक्रवारी आपण वर्गात भाजी करायची.

शाळेची खिचडी शिजवणाऱ्या मंदामावशी दारात येऊन उभ्या राहिल्या. कमरेवर हात. "म्याडम, वर्गात चूल मांडताय म्हनं? मग मी काय आता फळ्यावर पाढं लिहू?" पण पहिला शुक्रवार उजाडला तेव्हा व्हरांड्यात तीन विटा मांडून, जळण आणून ठेवलं ते त्यांनीच. जाळापाशी फक्त मी आणि मावशी, हा नियम पहिल्या दिवसापासून होता. निवडणं, धुणं, चिरणं, मळणं, थापणं पोरांचं. मुलींचं आणि मुलांचंही. त्यावर मी अडूनच बसले होते. "मी न्हाई, माझी बहीण करती," असं एकाने म्हणून पाहिलं, त्याला मी कांदे सोलायला बसवलं.

किती मजा होती त्या दिवसांत! गुरुवारी मटकी भिजवून ओल्या फडक्यात बांधून खिडकीच्या गजाला टांगायची. शुक्रवारी सकाळी वर्गात शिरलं की तो आंबूस, ओला वास. पोरं पट्टीने मोड मोजायची. दशांश मी शिकवला तो असा, मटकीच्या मोडांवर. बांधावरून तांदुळजा यायचा, घोळ यायची, शेवग्याचा पाला तर पोत्याने यायचा. "ही गुरं खात्यात," असं म्हणणारी पोरं महिन्याभरात वाटी पुढे करून "आजून थोडी" म्हणायला लागली. गावातल्या दुकानदाराने मला एकदा अडवून विचारलं, "म्याडम, पुड्यांनी तुमचं काय घोडं मारलंय?" त्या दिवशी मी घरी नाचतच गेले असेन.

ईश्वरी चौथीत होती. काटकुळी, तेलाने चापून बसवलेले केस, आणि प्रश्नाचं उत्तर माझा प्रश्न संपायच्या आत. आरोग्य तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी तिची खालची पापणी ओढून पाहिली आणि माझ्याकडे बघून मान हलवली. आत नुसतं पांढरं. तेव्हापासून मी तिच्या वाटीत भाजी वाढताना हात जरा सैल सोडायची. सुरुवातीला ती नाक दाबून गिळायची. दसऱ्यापर्यंत तिच्या ओठांना रंग आला होता. हे मी आईच्या डोळ्यांनी सांगत नाही, मंदामावशीही म्हणाल्या, "पोरगी उजळली."

त्या गावातली निम्मी घरं दिवाळी झाली की कुलूप लावून ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. दोघं पहाटेच फडात, आणि मागे कोपीवर, म्हणजे पाचटाच्या त्या झोपडीत, लहान पोराला सांभाळायला आणि भाकऱ्या भाजायला कुणीतरी लागतं. ईश्वरीच्या घरी बारका भाऊ होता, आणि ते काम तिची आजी करायची. त्या साली आजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, चुलीतला जाळही दिसेना. मला धडकी भरली होती. गणपतीत पालकसभा घेतली आणि ईश्वरीच्या आईला बाजूला घेऊन म्हटलं, "लताबाई, पोरीला यंदा नेऊ नका. चौथीचं वर्ष आहे. हुशार आहे हो ती."

लताबाई खळखळून हसल्या. बारा वर्षं ऊस तोडून हात राठ झालेले, पण हसायला लागल्या की अगदी पोरसवदा दिसायच्या. "हिला नेऊन काय करू म्याडम? हिला चहा सुदिक येत न्हाई. फडावर नुसतं एक खानारं तोंड. ऱ्हाईल आजीपाशी. जावेच्या घरात खातील दोघी."

"बारक्याचं काय?"

"बारक्याला टाकीन झोळीत बांधावर. मी केलंच की हिच्या टायमाला." मग माझा चेहरा बघून त्यांनी ईश्वरीच्या डोक्यावर हात ठेवला. "हिच्या गळ्याची आन. न्हाई न्हेत. शब्द दिला तुमाला."

मी त्या शब्दावर दोन महिने जगले. मुद्दाम सांगते, कारण नंतर लोक म्हणाले, असं कुठे लेखी घेता येतं का, ही माणसं अशीच असतात. मला लेखी नको होतं. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून बोललेली बाई खोटं बोलेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

आणि मग नवी बाजरी आली. पोरांनी घरून ओंजळ ओंजळ आणली, गिरणीवाल्याने शाळेची म्हणून आधी दळून दिली. पीठ कोमट होतं अजून. नव्या बाजरीला एक गोडी असते, नुसतं पीठ जिभेवर ठेवलं तरी कळते. मी म्हटलं, आता भाज्या पुष्कळ झाल्या, आता भाकरी. चहा-बटरच्या जागी सकाळी पोटात अर्धी भाकरी गेली पाहिजे, आणि आई शेतात गेली असली तरी ती आपली आपल्याला करता आली पाहिजे. हे वाक्य माझंच. मी ते फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं.

पहिल्या शुक्रवारी भाकऱ्या कसल्या, नुसते नकाशे. कुणाची श्रीलंका, कुणाचं गुजरात. पीठ केसांत, पीठ दप्तरावर, ओंकारच्या तर पापण्यांवर. ओंकार म्हणजे कांदे सोलणारा तोच. पण दुसऱ्या-तिसऱ्या शुक्रवारी त्याचाच हात सगळ्यात आधी बसला. भाकरी गोल, कडा पातळ, तव्यावर टाकताना कुठे चीर नाही. त्याच्या खालोखाल ईश्वरी. तिचे तळवे एवढेसे, म्हणून तिने स्वतःची युक्ती काढली होती. गोळा लहान घ्यायचा आणि परात फिरवत थापायचं. थापताना जीभ दातांत. पुढे पुढे तर मी नियम मोडून तिला तव्यापाशीही बसू द्यायला लागले. पाणी कधी फिरवायचं, उलथायची कधी, आरावर कधी लावायची, सगळं तिने बघून बघून उचललं. एकदाही चटका बसला नाही.

मला वाटायला लागलं होतं, की माझ्या हातून आयुष्यात एक तरी धड गोष्ट होते आहे. हसू येतं आता. म्हणजे येत नाही, पण दुसरं काय म्हणू?

दिवाळीची सुट्टी लागायच्या आधी मी आयांना जेवायला बोलावलं. पोरांनी केलेलं, पोरांनी वाढलेलं. नवी बाजरी, शेवग्याचा पाला, शेंगदाण्याची चटणी. बायका पदर सावरत व्हरांड्यात बसल्या. जन्मात पहिल्यांदा त्यांना कुणीतरी ताट वाढून देत होतं, काहीजणींना तर हात कुठे ठेवावा कळेना. ओंकारच्या आईने त्याची भाकरी बघून कपाळाला हात लावला. "आगं बया! ह्यो बायको आनायचा न्हाई आता." सगळ्याजणी लोटपोट. ईश्वरीने आईसमोर भाकरी केली आणि तिच्या ताटात घातली. लताबाईंनी चतकोर मोडला, खाल्ला. मग उरलेली भाकरी उलटीपालटी करून बघितली. मला वाटलं, बाईचं मन भरून आलं.

मग हात धुताना त्यांनी मला विचारलं, "म्याडम, एका दमात किती करत आसंल वो ही?"

"दहा करील!" मी म्हणाले.

"तव्याचं बी जमतंय?"

"सगळं जमतंय. मी नुसती शेजारी उभी असते."

"बरं हाय," त्या म्हणाल्या. एवढंच.

भाऊबीज करून मी माहेरून परत आले आणि शाळेत गेले, तर पाण्याच्या टाकीपाशी ट्रक भरत होता. भांडी, गोधड्या, कोंबड्यांची पाटी, कोयते. दुपारचं ऊन तापलेलं. वर गाठोड्यांच्या मध्ये ईश्वरी बसली होती, मांडीवर बारका, आणि शेजारी परात. मी खालून हाक मारली. तिने बारक्याच्या टोपीची नाडी बांधायला घेतली. ती नाडी बांधलेलीच होती.

मी लताबाईंचा दंड धरला. चारचौघांत. "तुम्ही शब्द दिला होता मला! पोरीच्या गळ्याची शपथ घेतली होती!"

त्या गोंधळल्या. खरंच गोंधळल्या, ढोंग नव्हतं ते. "दिला हुता की म्याडम. पन तवा तिला येत नव्हतं."

माझा हात त्यांच्या दंडावरून सुटला. त्याच पुढे म्हणाल्या, "तुमचे लई उपकार हायेत. आत्याबाईंचे डोळे गेले तवा मला वाटलं, औंदा मरतंय आपलं. फडावरनं यायचं आन् मग चूल पेटवायची. बारकं बांधावर. तुमी पोरगी तयार करून दिली." आणि त्या भर रस्त्यात माझ्या पाया पडायला वाकल्या. मी पाय मागे घेतले.

"मग ओंकारला का नाही नेत? त्याची भाकरी हिच्यापेक्षा चांगली आहे!" मी ओरडलेच असेन, कारण ओंकारची आई ट्रकच्या पलीकडून पुढे आली. त्यांचंही बिऱ्हाड त्याच ट्रकमध्ये चढत होतं. ओंकार चुलत्याच्या हाताला धरून उभा होता, आईबापांना वाटे लावायला आलेला, शाळेच्या गणवेशात. त्याची आई माझ्याकडे बघून हसली. वेड्या माणसाकडे बघून हसतात तसं. "आवो म्याडम, पोरगा हाय त्यो." ट्रक सुरू झाला, धूळ उडाली, आणि मी तशीच शाळेकडे चालत गेले.

केसाने गळा कापणं म्हणतात, ते मला त्या दिवशी कळलं. शत्रूने घात केला तर माणूस निदान भांडतो तरी. इथे भांडू कुणाशी? बाई उपकार मानून गेलेली. मंदामावशींना मी म्हटलं, "फसवलं हो मला." त्या भांडी घासत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "फसवायला तिला येळ कुटं हाय म्याडम." मला त्यांचाही राग आला. त्या हिवाळ्यात मला सगळ्यांचाच राग आला. लताबाईंचा, म्हातारीच्या डोळ्यांचा, फळ्यावरच्या त्या सुवाच्य वाक्याचा. "प्रकल्प फारच छान" असा शेरा वहीत लिहून गेलेल्या तपासणीच्या साहेबांचा तर फारच.

माझं माहेरही याच जिल्ह्यातलं, बेलापूरकडचं. कालव्याचं पाणी, नजर जाईल तिथवर ऊस. लहानपणी आमच्या मळ्याच्या कडेला दर साली कोप्या पडायच्या, आणि त्यांतल्या एकीत माझ्याच वयाची एक पोर चुलीपुढे बसून भाकऱ्या करायची. मला तिचा हेवा वाटायचा, कारण तिला शाळा नव्हती. तिला भाकरी कुणी शिकवली असेल, हा प्रश्न मला कधी पडला नाही. ईश्वरी गेली त्या साली संक्रांतीला माहेरी गेले, तेव्हा भाऊ हौसेने म्हणाला, "चल, तोड चाललीय, रस प्यायला येतेस?" मी डोकं दुखतंय म्हणून पडून राहिले. कुणाच्या फडावर कोण होतं देव जाणे.

पाडव्याच्या सुमाराला ईश्वरी परत आली. हाताच्या कडेला दोन जुने चट्टे, वाळलेले. परीक्षेला बसली. पहिल्या बाकावर बसायची ती खिडकीशी मागे जाऊन बसली. पापणी ओढून बघायचा मला धीर झाला नाही. मी तिला पास केलं, आणि दिवाळीनंतर ती पुन्हा गेली. त्यानंतरच्या उन्हाळ्यात माझी बदली झाली, आणि खरं सांगते, मी हुश्श केलं.

इथल्या शाळेतही शुक्रवार आहे. मोड आलेली मटकी, काकडीची कोशिंबीर, गूळ-शेंगदाणे, कुरमुऱ्यांत कांदा-टोमॅटो. पोरं मजेत खातात. दर वर्षी एखादी पोरगी विचारते, "मॅडम, आपण भाकरी कधी करायची?" मी सांगते, वर्गात जाळ करायला परवानगी नाही. तसा कागद मला कुणी दिलेला नाही. मुख्याध्यापक तर स्वतः म्हणाले, करा की. मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

लताबाईंना मी पुष्कळ वर्षं मनातल्या मनात शिव्या दिल्या. अजूनही नवी बाजरी आली की देते. पण एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, घरातही नाही. आयांच्या जेवणाच्या आदल्या दिवशी आमची रंगीत तालीम झाली. बाकीची पोरं मैदानात पळाली आणि ईश्वरी परात घासत मागे राहिली. म्हणाली, "म्याडम, मला येतंय त्ये आईला सांगू नका ना."

मी हसले. "अगं वेडाबाई, आईला किती आनंद होईल!"

"व्हय. लई हुईल," ती म्हणाली आणि परात भिंतीला टेकवून निघून गेली. मला वाटलं, लाजली.

म्हणजे महिनाभर तिने घरी पत्ता लागू दिला नव्हता. घरी पिठाच्या डब्याला हातसुद्धा लावला नसेल. नऊ वर्षांच्या पोरीला जे दिसत होतं, ते डी.एड. झालेल्या बाईला दिसलं नाही. आणि दुसऱ्या दिवशी आयांसमोर पहिली भाकरी तिने मोडली. मोडली म्हणजे, मी शेजारी उभी होते, मी पाहिलं. थापता थापता मध्येच बोट घातलं, तव्यावर टाकताना दोन तुकडे. बायका हसल्या. लताबाई सगळ्यांत मोठ्याने हसल्या, "म्हनलं न्हवतं का म्याडम, हिला काय येतंय!" ईश्वरी हात झटकून उठायला लागली. सुटली होती ती. मी तिचा खांदा दाबून तिला परत खाली बसवलं आणि दुसरा गोळा तिच्या हातात दिला. "घाबरू नकोस गं. कालच्यासारखी कर."

तिने मान वर करून एकदा माझ्याकडे पाहिलं. मग थापायला लागली. दुसरी भाकरी टम्म फुगली, आणि मी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या.